घरचा कापूस

माझा हात हलका आहे, असं आमच्या भागात अजूनही म्हणतात. दवाखान्यातलं काम सोडून बरीच वर्षं झाली. तरी बाजारात एखादी म्हातारी मला अडवते आणि बरोबरच्या सुनेला सांगते, “हे आपले कंपाउंडर काका. याहीची सुई कधी आत गेली न कधी बाहेर आली, समजेच नाही बाप्पा.” पूर्वी हे ऐकलं की मी दिवसभर ताठ चालायचो. आता हात जोडतो आणि लवकर पुढं सरकतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी दवाखान्यातल्या गमतीजमती मागितल्या. गमती आहेत, त्याही सांगतो. पण त्यांच्याआड एक प्रकरण दडलं आहे आणि ते गाळून नुसत्या गमती लिहिल्या तर ती लबाडी होईल. आयुष्यात एक मोठी लबाडी केली, तेवढी पुरे.

गाव झरी जामणी तालुक्यातलं, मुकुटबनपासून जवळच. गावाचं नाव लिहीत नाही. डॉक्टरसाहेब आता मुलाकडे परगावी असतात, त्यांचंही लिहीत नाही. लच्छूबाईचं नाव मात्र लिहिणार आहे. कारण या सगळ्यात नाव खराब झालं ते तिचं एकटीचं.

मी आधी सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे ड्रेसरचं काम. सुई द्यायला मला तिथल्या एका वयस्कर सिस्टरनं शिकवलं. त्या काळी सिरिंज काचेच्या असत आणि स्टोव्हवर उकळून घ्याव्या लागत. पहिल्यांदा मी न घाबरता सुई दिली आणि शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, “टोचता तर गांधीलमाशीलाही येतं. तू टोचायच्या आधीचं शीक.” टोचायच्या आधीचं म्हणजे हात धुणं, सुई उकळणं, बोळा भिजवणं, कातडी पुसणं. हे सगळं कंटाळवाणं आणि कुणाच्या नजरेत न येणारं. लोक हात हलका आहे की जड एवढंच बघतात. मी लोकांचं ऐकलं, सिस्टरचं नाही.

पुढं सरकारी काम सुटलं आणि मी डॉक्टरसाहेबांच्या खासगी दवाखान्यात कंपाउंडर झालो. दोन खोल्या, बाहेर बाकडी, आत एक पडदा. पडद्यामागचं राज्य माझं.

सुई देण्याची कला साधीच आहे. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे आणि वरच्या, बाहेरच्या भागात सुई द्यायची. खाली गेली तर पायाची नस सापडते आणि माणूस कायमचा लंगडू शकतो. सुई घालताना माणूस बोलत असला पाहिजे. मी विचारायचो, “औंदा पऱ्हाटी कशी हाय?” तो तक्रार करायला तोंड उघडायचा आणि त्याची तक्रार संपायच्या आत मी बोळा चोळत असायचो. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या पिकाची, तक्रार कोणत्याही साली करता येते, त्यामुळं हा प्रश्न कधी वाया गेला नाही.

बायकांची गोष्ट निराळी. त्या पडद्यामागं पाठमोऱ्या उभ्या राहून लुगडं कमरेशी बोटभर सैल करायच्या. मी मान वळवून अंदाजानंच सुई द्यायचो. मी वर डोळे करून पाहिलं असं कोणत्याही बाईनं कधी म्हटलं नाही. याचा मला अभिमान होता.

आमच्याकडे सुई म्हणजेच इलाज. नुसत्या गोळ्या दिल्या तर बाहेर जाऊन सांगत, “याले रोगच नाही समजला.” एक गुडघेदुखीवाले आजोबा होते. त्यांना मी पालथं व्हायला सांगितलं की चिडायचे. “दुखते गुडघा, अन् सुई मांगं देता? माह्या गुडघ्याचं पत्र भलत्याच पेटीत काहून टाकता?” एक आजी फक्त लाल औषधाची सुई घ्यायची. “पांढरी नको रे बाबू. मागच्या साली पांढरी देल्ली, नाल्यापर्यंत गेली नाही तं उतरून गेली.” आणि एकानं तर कमालच केली. बायकोला ताप होता, तिला कापसाच्या वेचणीतून सवड नव्हती, म्हणून हाच आला आणि बाही वर करून बसला. “मलेच देऊन द्या. आमचं दोघाचं एकच हाय.”

आम्ही हसायचो. डॉक्टरसाहेबही हसायचे. पण यातल्या पुष्कळांना सुईची गरज नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. दोन दिवस अंग टाकून पडलं असतं तर बरे झाले असते. पण वेचणीच्या दिवसांत अंग टाकायला कोणाला सवड? सुई घेतली की माणूस दुसऱ्या दिवशी रानात उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, आपण उपकार करतो.

आता कापसाचं सांगतो.

दवाखान्यात लागणारा कापूस निराळा असतो. निळ्या कागदात गुंडाळलेला, धुऊन-शिजवून शुभ्र केलेला. तो पाण्यात टाकला की लगेच पाणी पितो. आपल्या शेतातला कापूस पाणी पीत नाही, वर तरंगत राहतो, कारण त्याला जन्मतःच तेलकट अंग असतं. पण मला ती निळी गुंडाळी डोळ्यांत खुपायची. यवतमाळ जिल्ह्यात राहायचं, घराघरात छपरापर्यंत कापूस भरलेला, आणि बोळ्यासाठी कापूस दुकानातून आणायचा? लोकांनाही त्याचं हसू यायचं. एका वर्षी वेचणीच्या सुरुवातीला एका पेशंटनंच सरकी काढलेली स्वच्छ रुई पोतडीभर आणून दिली. “घ्या काका, आपल्या घरची हाय. दुकानातल्यापरीस भारी.”

मी ती रुई घरी नेली. धुण्याच्या सोड्यात भिजवून ठेवली. दुसऱ्या दिवशी चोळली, पिळली आणि छपरावर वाळत घातली. असं केलं की तिचं तेल जातं आणि ती पाण्यात बुडायला लागते. मला केवढा आनंद झाला! बायकोनं बोळे वळून दिले. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात कापूस घरचा. येणाऱ्याला मी कौतुकानं सांगायचो आणि त्यालाही बरं वाटायचं. आपलीच रुई आपल्या अंगाला लागते, परकं काही नाही. त्या छपरावर धूळ येते, कबुतरं बसतात, धुवायचं पाणी विहिरीचं आहे, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. कापूस पांढरा होता ना.

हे बोळे स्टीलच्या डब्यात स्पिरिटमध्ये भिजत असत. सिस्टरनं सांगितलं होतं की निव्वळ स्पिरिट झटकन उडतं, थोडं पाणी असलं तरच ते जंतू मारतं. अर्धवट शिकलेलं असं नडतं. आमच्याकडे येणाऱ्या बाटलीत ते पाणी आधीच घातलेलं होतं. मी त्यात आणखी घालायचो, माठातलं, न उकळलेलं. शिवाय डब्याचं झाकण दिवसभर उघडंच. उघड्या डब्यातून स्पिरिट आधी उडतं आणि पाणी मागं राहतं. बोळे सुकल्यासारखे दिसले की मी वरून पुन्हा पाणी शिंपडायचो. डबा रिकामा करून घासायचा म्हणजे काम थांबवायचं, आणि वेचणीच्या दिवसांत बाहेरची बाकडी कधी रिकामी नसायची. शेवटी त्या डब्यात काय उरलं होतं? साधं पाणी आणि घरचा कापूस. वास तेवढा स्पिरिटचा.

सिरिंज मात्र दरवेळी नवी असायची. ती मी पेशंटच्या समोर फोडायचो. म्हणून माझा डोळा कायम सुईवर राहिला. बोळ्यावर गेलाच नाही.

त्या वर्षीच्या वेचणीत सुनंदा आली होती. आमच्याच गावची, तरुण, दोन लेकरांची आई. अंग ठणकत होतं. डॉक्टरसाहेबांनी गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, सुई घेता का? ती म्हणाली, “नाही जी, गोळ्याच द्या.” मी पडद्याजवळ उभा होतो. मीच म्हणालो, “घे वं बाई. उद्या पाखरावानी वेचशीन.” ती हसली आणि आत आली. तिनं नको म्हटलं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

महिनाभर काही झालं नाही. मग गाठी यायला लागल्या.

सुईच्या जागी गळू येणं हे या धंद्यात कधीतरी घडतंच. ते दोन-चार दिवसांत येतं, लाल होतं, ठणकतं, पिकतं, फुटतं आणि बरं होतं. या गाठी तशा नव्हत्या. सुईची आठवणही राहिली नसेल तेव्हा कातडीखाली आवळ्याएवढं काहीतरी लागायचं. ना ताप, ना ठणका. मग तिथली कातडी जांभळी पडायची, बारीक तोंड फुटायचं आणि पाण्यासारखा पू झिरपत राहायचा. एक तोंड बुजलं की शेजारी दुसरं.

पण हे माझ्यापर्यंत आलं नाही. ज्या जागी गाठ होती ती जागा पुरुषाला दाखवायची कशी? बोटभर लुगडं सैल करणं वेगळं आणि गाठ उघडी करून दाखवणं वेगळं. माझ्या ज्या सभ्यपणाचा मला अभिमान होता, त्यामुळंच बायका माझ्याकडे आल्या नाहीत. त्या लच्छूबाईकडे गेल्या.

लच्छूबाई गावाबाहेरच्या कोलाम पोडावर राहायची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. घरात ती कोलामी बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं. बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घालावं तर लच्छूबाईनंच. गावातलं लहानमोठं जवळजवळ सगळंच तिच्या पायांवर पालथं झोपलेलं. माझी मुलंसुद्धा. मुरगळलं, लचकलं तर पुरुषही तिच्याकडेच जायचे. गाठ असली तर ती एरंडाचं पान गरम करून वरून बांधायची. त्यानं शेक मिळतो. त्यापलीकडं त्या पानानं ना काही बरं होतं, ना काही बिघडतं.

एक दिवस लच्छूबाई सुनंदाला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. बाहेर माणसं बसलेली होती. ती थेट माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, ही गाठ पाहा बरं डॉक्टरले सांगून. पान बांधून थकली मी. हे पिकतही नाही अन् जिरतही नाही. अन् हिची एकटीची नाही. तुमची सुई घेतली त्याहीलेच येऊन राह्यली.”

शेवटचं वाक्य बाकड्यावरच्या माणसांनी ऐकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “अन् तू काय बांधलं त्याच्यावर?”

“एरंडाचं पान.”

“धुतलं होतं?”

तिला प्रश्नच कळला नाही. पान विस्तवावर धरलं होतं, ते आणखी धुवायचं काय?

“हात धुतले होते?”

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. तिच्या हाताला तेल होतं, राख होती. कामाच्या हाताला असतं ते सगळं होतं. बाकड्यावरचा एकजण हसला. मी म्हणालो, “मंग बरोबर हाय. सुई नवी असते बाई, तुमच्या समोर फोडतो. हे तुह्या पानानं सडलं.”

डॉक्टरसाहेब आतून ऐकत होते. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गाठी वाढल्या तशी ओरड झाली. आरोग्य खात्याची माणसं चौकशीला आली. ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या टाकून सगळ्यांना बसवलं. कोणी कोणी काय काय केलं, असं विचारलं. सुई तर सगळ्यांनीच घेतली होती, पण सुई दरसाल घेत होते. नवीन काय होतं? त्या सभेत मी उभा राहिलो आणि दवाखान्यात जे रागाच्या भरात बोललो होतो तेच शांतपणे, शिकलेल्या माणसासारखं पुन्हा सांगितलं. सुई निर्जंतुक असते. त्यानंतर जखमेवर झाडपाला बांधला की असं होतं. ज्यांना गाठी आल्या त्यांनी पान बांधलं होतं की नाही, तुम्हीच सांगा.

बांधलं होतं. खरंच होतं ते. गाठ आली म्हणून पान बांधलं होतं, पान बांधलं म्हणून गाठ आली नव्हती. हा फरक तिथं कोणी काढला नाही. मी काढू दिला नाही.

लच्छूबाई मागं बसली होती. कोणीतरी म्हणालं, “बाई, आता कोणाच्या लेकराले हात लावू नको.”

ती म्हणाली, “बरं.”

एवढंच. उठली, लुगडं झटकलं आणि पोडाच्या वाटेला लागली.

इथपर्यंत मी चुकलो होतो, खोटं बोललो नव्हतो. खरोखरच मला पानावर संशय होता. पुढचं ऐका.

आर्णीचे एक हबीबभाई होते, दुचाकीचे मेकॅनिक. त्यांची मुलगी मुकुटबनला दिलेली. त्या वेचणीच्या दिवसांत मुलीकडे आले असताना त्यांची कंबर धरली होती. माझा हात हलका म्हणून जावई त्यांना आमच्याकडे घेऊन आला होता. सुई घेऊन ते आर्णीला परत गेले. सभेनंतर थोड्याच दिवसांनी त्यांचा फोन आला.

“काका, तुमारे हाथ को तो सब हलका बोलते. फिर ये क्या तोहफा दिया?”

त्यांना गाठ आली होती. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन ती कापून घेतली होती.  मी आशेनं विचारलं, “भाई, त्याच्यावर कोणी पान बांधलं होतं का?”

“पान? पान तो मैं खाता हूँ, बांधता नहीं,” असं म्हणून ते मोकळेपणानं हसले. मग म्हणाले, “वहां की डॉक्टरनी बोली, ये कीडा पानी में, मट्टी में रहता. आहिस्ता आहिस्ता बढता. पूछती थी, सुई के पहले जो कापूस लगाया वो कौनसा था, काहे में भिगाया था. मैं बोला, मेरे को क्या मालूम? मालूम होगा तो काका को.”

हबीबभाई पोडावर कधी गेले नव्हते. लच्छूबाईचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. फोन ठेवला आणि मी पडद्यामागं गेलो. डबा उघडाच होता. आत पांढरे, गुबगुबीत बोळे. मी डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. स्पिरिट जिभेला चटका देतं. हे पाणी होतं.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “उद्यापासून कापूस दुकानातून आणा. झालं ते झालं. आता बोललं तर दवाखाना राहणार नाही.” मला हेच ऐकायचं होतं. त्यांनी सांगितलं म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःशी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. ते खरं नाही. त्यांनी ‘सांगून टाका’ म्हटलं असतं, तरी मी गप्पच बसलो असतो. सगळा तालुका ज्या हाताला हलका म्हणतो, तो हात मला माझ्या जिवापेक्षा मोठा झाला होता.

मी तो डबा मागच्या नालीत ओतला. घरातली रुई चुलीत घातली. निळ्या कागदातला कापूस आला, झाकण लागायला लागलं, पाणी बंद झालं. आणि गाठी थांबल्या.

गावानं काय म्हटलं असेल? लच्छूबाईनं हात लावायचं सोडलं आणि गाठी थांबल्या. पाहा, कंपाउंडर काकांनी बरोबर ओळखलं होतं! माझ्या सुधारणेनंच तिच्यावरचा आळ पक्का केला. माझा मान वाढला. तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही. फक्त बोलावणं बंद केलं. बाळंतीण झाली तरी पोडाकडे निरोप जाईना. पुढं पोडावरच्या बायकाही लेकरं तिच्याकडे देईनात, तिची स्वतःची नातसुद्धा देईना. ती जंगलात मोहफुलं आणि डिंक वेचायला जायला लागली. रस्त्यात कोणाचं लेकरू दिसलं की हात पदराखाली घ्यायची. हे मी पाहिलं आहे.

सुनंदाला यवतमाळला कापाकापी सोसावी लागली, औषधं लांबली. जीव वाचला. मांस गेलं तिथं खड्डा राहिला आहे, ती आजही एका बाजूला कलून बसते. मी दिसलो की हाक मारते, “काका, जेवले का?” तिचा माझ्यावर काडीचा राग नाही. तिचा राग लच्छूबाईवर आहे.

असं सगळं दडपून मी म्हातारा झालो. यंदा आमच्या घरी पणतू आला आणि ते वर आलं. लेकराला न्हाऊ घालायचं कोणी? नातसुनेनं मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि त्यात बघत बघत तेल लावायला लागली. लेकरू निसटत होतं, रडत होतं. गावात आता हे काम येणारं कोणी उरलं नाही. ज्या एकीला येत होतं, तिचे हात मी बंद केले. तिनं ते कोणाला शिकवलंही नाही, कारण तिच्याकडे शिकायला कोण जाणार?

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उठलो. सगळं सांगितलं. रुई, छप्पर, माठातलं पाणी, हबीबभाईंचा फोन, नालीत ओतलेला डबा.  मला वाटलं, आता लोक उठतील, मला शिव्या घालतील. मी त्याच्या तयारीनं गेलो होतो.

 मग मागून एक आवाज आला, “काका, कापसानं काय होते? आपण तं कापसातच जन्मलो.”

दुसरा म्हणाला, “माह्या पोराच्या नाळेले घरचाच कापूस लावला होता. पाहा, केवढा ढोर झाला!” सगळे हसले. तो पोरगाही हसला.

गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. “याले म्हणतात मन! म्हातारीचं नाव साफ व्हावं म्हणून मानूस आपल्यावर घेऊन राह्यला.”

मी ओरडलो, “मी घेऊन राह्यलो नाही, ते माहंच हाय!” तर त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. सुनंदा बायकांत बसली होती, एका बाजूला कलून. ती डोळे पुसत होती. माझ्या मोठेपणानं तिला भरून आलं होतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. कापसावर आळ घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारण कापूस सगळ्यांच्या घरचा होता. लच्छूबाई कोणाच्याच घरची नव्हती.

घरी येऊन नातसुनेला म्हटलं, “तू तरी माह्यावर भरोसा ठेव. लेकरू लच्छूबाईकडे घेऊन चाल.”

तिनं लेकरू छातीशी धरलं. “आबाजी, तुमचा जीव मोठा हाय. पण लेकरू माहं हाय.”

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पोडावरची वाट त्या दिवशी माणसांनी भरलेली असते, म्हणून मी मुद्दाम तोच दिवस धरला. लच्छूबाई अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. फार थकली आहे. मी समोर जमिनीवर बसलो.

“लच्छूबाई, तो कापूस खराब होता. पान नाही.”

“आयकलं,” ती म्हणाली. “पोट्टे सांगत होते. सभेत बोलले म्हणे तुमी.”

“कोणी मानलं नाही.”

“मानतीन कायले?” ती फुलं निवडतच होती. “तवा मानलं ना तुमचं. आता काय रोज रोज मानतीन?”

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. तिनं हातानं थांबवलं. नको होतं तिला ते. मग मी पाय लांब केला. “गुडघा धरला माहा. तेल लावून दे.”

वाटेवरून जाणारी माणसं थबकायला लागली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उठली, घरातून साबण आणला. अंगणातच बसून, सगळ्यांना दिसेल असे हात कोपरापर्यंत धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. नखांत काडी घालून मळ काढला. मग ओले हात माझ्या तोंडासमोर धरले. तळवे, मग पालथे.

“पाहून घ्या दादा. मांगून म्हणसान.”

मला वर बघवेना. मी मान खाली घालूनच म्हणालो, “साफ हायेत.”

तिनं हात मागं घेतले नाहीत.

“मोठ्यानं म्हणा,” ती म्हणाली.